१४वी शीख पलटण: इंग्रजांशी लढलेल्या शिखांमधून इंग्रजांची भरवशाची पलटण कशी उभी राहिली?

इंग्रजांच्या फौजेतले शीख सैनिक म्हटलं की बहुतेकांना सारागढी आठवते. 'केसरी' सिनेमा आल्यापासून तर जास्तच. ती लढाई लढली ३६व्या शीख पलटणीने. पण त्याच फौजेत तिच्याहून ४१ वर्षं जुनी एक शीख पलटण होती. १८५७ मध्ये तिने इंग्रजांसाठी अलाहाबादचा किल्ला राखला, १९१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एका दिवसात तिची बहुतेक माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली आणि १९४७ मध्ये श्रीनगरच्या विमानतळावर सगळ्यात आधी तीच उतरली. ही होती फिरोजपूरची १४वी शीख पलटण.

हरलेल्या फौजेतून भरती

महाराजा रणजितसिंग यांचं १८३९ मध्ये निधन झालं आणि लाहोर दरबारात गादीवरून खूनखराबा सुरू झाला. डिसेंबर १८४५ मध्ये शिखांची खालसा फौज सतलज ओलांडून आली आणि ईस्ट इंडिया कंपनीशी युद्ध पेटलं. मुदकी, फिरोजशहा, सोब्राओं या लढायांमध्ये इंग्रजांचं प्रचंड नुकसान झालं. युद्ध ते जिंकले, पण आपण कोणाशी लढलो हे त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

मार्च १८४६ च्या लाहोर तहाने खालसा फौजेवर मर्यादा आली. २० हजार पायदळ आणि १२ हजार घोडदळ, यापेक्षा जास्त सैन्य ठेवायचं नाही, असं ठरलं. कसलेले हजारो सैनिक एका फटक्यात बेकार झाले. असे सैनिक गावागावांत रिकामे बसणं कंपनीला परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी फिरोजपूर आणि लुधियाना इथे दोन नव्या पलटणी उभ्या राहिल्या. त्यांपैकी फिरोजपूरची पलटण म्हणजे पुढची १४वी शीख. ज्या भागात काही महिन्यांपूर्वी दोन्ही बाजूंची प्रेतं पडली होती, त्याच भागात ही भरती झाली.

१८५७: दोन बहिणी, दोन वाटा

शिखांनी १८५७ मध्ये इंग्रजांना साथ दिली, हे वाक्य शाळेपासून ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नव्हती.

४ जून १८५७ रोजी वाराणसीत देशी शिपायांची हत्यारं काढून घेताना गोंधळ उडाला. तिथे असलेली लुधियानाची शीख पलटण बिथरली आणि इंग्रजांच्या तोफांनी तिच्यावरच गोळे डागले. ही बातमी अलाहाबादला पोहोचली, तेव्हा तिथल्या किल्ल्यात फिरोजपूरच्या पलटणीचे सुमारे ४०० शीख होते. गंगा-यमुनेच्या संगमावरचा हा किल्ला आणि त्यातला दारूगोळा हातचा गेला असता, तर कलकत्त्याहून कानपूर-लखनौकडे जाणारी इंग्रजांची वाटच बंद झाली असती.

६ जूनच्या संध्याकाळी अलाहाबादच्या छावणीतली ६वी बंगाल पलटण उठली. दिल्लीवर चालून जायची तयारी दाखवल्याबद्दल त्याच पलटणीचे त्याच दिवशी परेडवर आभार मानण्यात आले होते! तिची एक तुकडी किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्याला होती. शिखांनी तिला साथ दिली असती, तर किल्ला गेलाच होता. पण त्यांचा अधिकारी जेरेमाया ब्रेझियर याने शीख सैनिक आणि तोफा दरवाजासमोर उभ्या केल्या आणि त्या तुकडीची हत्यारं काढून घेतली. ब्रेझियर साध्या शिपायापासून वर चढलेला माणूस होता आणि पलटणीवर त्याचा वचक होता.

शिखांनी असं का केलं? एक कारण जुन्या वैराचं होतं. ज्या पुरबिया शिपायांच्या जोरावर कंपनीने पंजाब जिंकला, तेच आता उठले होते आणि त्यांच्याविषयी शिखांना प्रेम असण्याचं कारण नव्हतं. दिल्लीचा मुघल बादशहा पुन्हा तख्तावर बसणं हेही अनेकांना नको होतं. पगार आणि लुटीची आशा होतीच. निष्ठा हा शब्द इंग्रजांनी नंतर वापरला. त्या रात्री मात्र हा सगळा हिशेब एकत्र आला असावा.

किल्ला वाचल्यानंतर कर्नल नील अलाहाबादला पोहोचला आणि त्याच्या सैन्याने शहरात आणि आसपासच्या गावांत सरसकट फाशी देण्याचा सपाटा लावला. पलटणीच्या पराक्रमाच्या वर्णनांमध्ये हा भाग सहसा गाळलेला असतो. पुढे हॅवलॉकच्या फौजेबरोबर ती लखनौपर्यंत लढत गेली. या कामगिरीबद्दल तिला लाल पगडी घालण्याचा मान मिळाला. उठाव केलेल्या बंगाल पलटणी बरखास्त झाल्यावर १८६१ मध्ये नव्याने क्रमांक लागले आणि तिला १४ हा आकडा मिळाला.

'लढवय्या जमाती'ची पाटी

त्यानंतरच्या काळात इंग्रजांनी भरतीचं एक तत्त्वच बनवलं. काही जमाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत. शीख या यादीत अगदी वर होते. पलटणीत येणाऱ्या शिखाने केस, कडं, पगडी पाळलीच पाहिजे, असा सरकारचाच आग्रह असे. फौजेतून परतणाऱ्यांना पंजाबच्या नव्या कालव्यांवर जमिनी मिळू लागल्या. नोकरी, जमीन आणि धर्माचा मान असं तिन्ही एकाच ठिकाणी मिळत असेल, तर गावची गावं भरतीला जाणारच.

याच धोरणाची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार सैनिकांसाठी १८९० च्या दशकात भरतीचं दार बंद झालं. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पण उपयोग झाला नाही.

१४व्या शीख पलटणीचं नाव या काळात गाजलं ते चित्रालमुळे. १८९५ मध्ये त्या डोंगरी किल्ल्याला दीड महिना वेढा पडला होता. आत पलटणीचे जेमतेम १०० जवान आणि काश्मीर संस्थानचे सुमारे ३०० सैनिक होते. किल्ल्याखाली सुरुंग खणला जात असल्याचं लक्षात येताच शीख आणि काश्मिरी जवानांनी बाहेर धडक मारून तो उडवला.

४ जून १९१५

पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा पलटण इजिप्तमध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणाला गेली. इकडे पंजाबात गदर पक्ष छावण्यांमधल्या जवानांना उठावासाठी तयार करत होता. त्यात एक मराठी तरुणही होता, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या लाइनीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर लाहोरला फासावर गेले. एकाच पंजाबातले काही तरुण साम्राज्य उलथवायला निघाले होते आणि काही त्याच साम्राज्यासाठी समुद्रापार जात होते.

१ मे १९१५ च्या सुमारास १४वी शीख २९व्या भारतीय ब्रिगेडबरोबर गॅलिपोलीत उतरली. ब्रिगेडमधल्या दोन पंजाबी पलटणी लवकरच मागे घेण्यात आल्या, कारण त्यांत मुसलमान जवान होते आणि समोर खलिफाची फौज होती. शीख आणि गुरखे राहिले.

४ जूनला दुपारी १२ वाजता क्रिथिया गावाच्या दिशेने हल्ला सुरू झाला. पलटणीच्या वाट्याला आली गली रव्हीन नावाची खोल घळ. आधी झालेल्या तोफांच्या माऱ्यात तुर्कांची काटेरी तार तुटलीच नव्हती. वरून मशीनगन, समोर तार आणि लपायला जागा नाही. तरीही जवान पुढे जात राहिले.

सेनापती इयान हॅमिल्टन यांनी नंतर दिलेले आकडे असे: १५ इंग्रज अधिकारी, १४ भारतीय अधिकारी आणि ५१४ जवान लढाईत उतरले. दुसऱ्या दिवशी उरले ३ इंग्रज अधिकारी, ३ भारतीय अधिकारी आणि १३४ जवान. क्रिथिया शेवटपर्यंत हाती आलं नाही. पतियाळा संस्थानच्या शीख तुकड्या जोडून पलटण उभी ठेवावी लागली आणि ती पुढचे अनेक महिने तिथेच लढत राहिली.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गॅलिपोलीसाठी राष्ट्रीय स्मृतिदिन पाळला जातो. भारतात ४ जून हा दिवस फारसा कोणाला ठाऊक नाही. तिथल्या हेलेस स्मारकावर मात्र या पलटणीच्या जवानांची नावं आहेत. आणि जालियनवाला बाग घडली, तेव्हा गॅलिपोलीला चारच वर्षं झाली होती.

नाव बदललं, झेंडा बदलला

१९२२ च्या फेररचनेत १४वी शीख ही ११व्या शीख रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रह्मदेशात होती. मार्च १९४४ मध्ये नाईक नंदसिंग यांनी जखमी अवस्थेत एकट्याने एकामागोमाग एक तीन जपानी खंदक घेतले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ऑक्टोबर १९४७ मध्ये बटालियन फाळणीच्या धामधुमीत गुडगावला होती. २७ तारखेला तिला विमानांनी श्रीनगरला हलवण्यात आलं. विमानतळ आपल्या ताब्यात आहे की नाही, याचीही खात्री नव्हती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय पहिल्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला टोळीवाल्यांना रोखताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. डिसेंबरमध्ये उरीजवळ नंदसिंगही पडले. त्यांनाही मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. एका साम्राज्याचा आणि एका प्रजासत्ताकाचा असे दोन्ही सन्मान त्यांच्या नावावर आहेत. पुढच्या वर्षी तिथवाल भागात याच बटालियनच्या लान्स नाईक करमसिंग यांनी जखमी असताना चौकी राखली. त्यांना हयातीत परमवीर चक्र मिळालं.

१९७९ मध्ये लष्कराने मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी केली आणि वेगवेगळ्या रेजिमेंटमधून जुन्या, नावाजलेल्या बटालियन तिच्यात घेतल्या. पहिली शीख त्यांपैकी एक. आता ती ४ मेकॅनाइज्ड इन्फंट्री म्हणून ओळखली जाते आणि तिच्या नावापुढे कंसात '१ शीख' असं लिहिलं जातं. शीख रेजिमेंटमध्ये पहिल्या क्रमांकाची बटालियन आता नाही. ती ज्या रेजिमेंटमध्ये गेली, तिचं केंद्र महाराष्ट्रात आहे, अहिल्यानगरला.