रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. विकणारा आणि घेणारा हातात हात देत, वरून टॉवेल नाहीतर उपरणं टाकत आणि आत बोटं बोलत. इतकी बोटं म्हणजे इतके हजार. बघ्यांना फक्त दोघांचे चेहरे दिसत. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती खोटी नाही, साध्या माणसाला दलाल याच टॉवेलाखाली नागवतो. पण तिच्यात एक सोय होती. सौदा मोडला तरी कोणाची नाचक्की होत नसे, आणि आज गरजेपोटी कोणी स्वस्तात जनावर सोडलं हे शेजारच्या खुंट्याला कळत नसे.

आटपाडीचा बाजार हा असाच जुना. सांगली जिल्ह्याच्या ईशान्येचा हा तालुका, सातारच्या माणला आणि सोलापूरच्या सांगोल्याला लागून. १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. पाऊस कमी, म्हणून मेंढरं. इथल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांची ‘बनगरवाडी’ धनगरांचीच. शनिवारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांची मोठी उलाढाल होते. विकणारा बहुतेक धनगर, आणि ईद जवळ आली की घेणाऱ्यांत मुसलमान जास्त. या दोघांचं नातं कोणत्या एकोप्याच्या सभेतून आलेलं नाही. त्याला पैसे हवेत, याला कुर्बानीचं जनावर हवं. मला हे नातं सभेतल्या एकोप्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

या बाजारात मोबाईल कसा शिरला हे पाहायचं तर २०२० हे एकच वर्ष घेतलं तरी पुरे.

फेब्रुवारीत मेसेज फिरू लागले की ब्रॉयलर कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो. पशुसंवर्धन खातं सांगत राहिलं की यात तथ्य नाही. ऐकतो कोण? कोंबडीचा भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेला. बेळगाव जिल्ह्यात गोकाककडच्या एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो पिल्लं खड्ड्यात जिवंत पुरली, आणि त्याचाही व्हिडिओ फिरला. तो मुसलमान होता. अफवेनं त्याचा धर्म विचारला नव्हता, ते पुढच्या महिन्यात सुरू झालं. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा रोग खरा होता. सरकारनं नकाशावर वर्तुळ आखलं, आतल्या कोंबड्या मारल्या, भरपाई दिली. मेसेजनं आलेल्या रोगाला वर्तुळ कुठे आखणार? कोंबडी सोडलेलं गिऱ्हाईक मटणाकडे वळलं आणि मटण महागलं. म्हणजे शेळी-मेंढीवाल्याला या अफवेचा आधी थोडा फायदाच झाला, हेही सांगायला हवं.

मार्चच्या अखेरीस इस्लामपुरात, आपल्याच जिल्ह्यात, उमऱ्याहून परतलेल्या एका कुटुंबात कोरोना सापडला. त्याच सुमारास दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली. मग कोणाकडून भाजी घ्यायची नाही, कोणाकडून फळं घ्यायची नाहीत, असे मेसेज सुरू झाले. जुने, कुठले कुठले व्हिडिओ ताजे म्हणून फिरले. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. तोपर्यंत हातगाडीवाल्याचा अख्खा हंगाम गेला होता. निकालाची प्रत घेऊन कोणी परत गिऱ्हाईक होत नाही.

असा मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला फळवाला असतो, मेंढपाळ नसतो. पण ज्या गावात मुसलमानाकडून घ्यायचं नाही असं ठरतं, तिथं मुसलमानाच्या हातीही पैसा राहत नाही. ईदला दोन जनावरं घेणारा एकावर येतो आणि एक घेणारा हिश्श्यावर. त्याचा हिशेब शेवटी बाजारातल्या खुंट्याशी होतो.

जुलैत ईदचं परिपत्रक आलं. जनावरांचे बाजार बंद राहतील, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी, शक्यतो कुर्बानी प्रतीकात्मक करावी. ईद १ ऑगस्टला होती. प्रतीकात्मक या शब्दावर आपल्याकडे बराच वाद झाला, ऑनलाइन या शब्दावर फारसा झाला नाही. खरी अडचण मात्र त्यातच होती. कुर्बानीचं जनावर फोटोवर कसं घ्यायचं? तोंड उघडून दात बघावे लागतात, पाठीवर हात फिरवावा लागतो, लंगडत तर नाही ना म्हणून चार पावलं चालवून पाहावं लागतं. हे फार जुनं आहे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करता येतो, असा हक्क हनफी फिकहनं गिऱ्हाइकाला दिला, त्याला खियारे रुयत म्हणतात. पण शेकडो किलोमीटर टेम्पोतून आलेलं जनावर ईदच्या आदल्या रात्री परत करणार कोणाला? आणि केलंच, तर ते वर्षभर पोसणाऱ्या मेंढपाळानं काय करायचं? फोनवर हो म्हणून ऐनवेळी नाही म्हणणारं गिऱ्हाईक त्याला बाजारातल्या घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा महाग पडतं.

डिसेंबरात आटपाडी देशभर गाजली. माडग्याळ जातीचा एक मेंढा सत्तर लाखांना मागितला आणि मालकानं दीड कोटी सांगितले, अशी बातमी आली. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. तिथल्या मेंढ्या उंच, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. या मेंढ्याचं नाव सर्जा, लोकांनी ‘मोदी’ ठेवलं. वर्तमानपत्रांनी मेंढ्याचा बकरा केला, ते सोडून देऊ. ही किंमत मटणाची नव्हती, वंशाची होती. अशा मेंढ्याची पिल्लं चांगल्या भावानं जातात, म्हणून त्याच्या प्रसिद्धीला खरंच मोल आहे. मालकाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

प्रश्न बघ्यांचा आहे. टॉवेलाखालच्या सौद्यात बघ्याला जागा नव्हती. आता तोच भाव चढवतो, तोच उतरवतो, आणि खिशातून एक रुपया काढत नाही. घ्यायचं नसताना भाव वाढवण्यासाठी बोली लावणं याला हदीसमध्ये नजश म्हटलं आहे आणि ते मना आहे. मदिनेच्या बाजारात असा माणूस समोर उभा असे, त्याला ओळखता येई. मोबाईलवर किती लागले विचारणारे हजार आणि घेणारा एक, तो एक कोणता हे विकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मग ज्याच्याकडे साधी दहा मेंढरं आहेत तो लाखांच्या गोष्टी ऐकून भाव धरून बसतो, तिकडे गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या बाजाराला जातं, आणि चारा संपला की तीच मेंढरं तो मिळेल त्या भावात सोडतो.

त्याच डिसेंबरच्या अखेरीस आटपाडीत सोळा लाखांचा म्हणून नाव झालेला एक मेंढा रात्री चोरीला गेला. पोलिसांनी तो पुढे शोधून काढला.