आपोआप बदलणाऱ्या गिअरची कुळकथा



२०१० साली औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या, ही बातमी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अजिंठ्याचा घाट चढून गेले की पलीकडचा तो मुलूख. अशा एखाद्या गाडीतून कोणी फर्दापूर-पहूरमार्गे जामनेरला आला, की उतरल्याबरोबर सांगतो, "गाडी आपोआप गिअर टाकते हो! घाट कधी आला नि कधी गेला, कळलेसुद्धा नाही." आणि ऐकणारा उत्तर देतो, "पैशाची चैन आहे, दुसरे काय?"

माझे आजचे सांगणे या उत्तरासंबंधी आहे. हे यंत्र चैनीसाठी जन्माला आलेले नाही. जामनेरच्या सामान्य माणसाला त्याची सेवा मिळाली, तीही आलिशान मोटारीतून नव्हे. ती मिळाली आपल्या पाचोरा-जामनेर गाडीतून, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, थोड्याशा पैशांच्या तिकिटात. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून मुळापासूनच सांगितले पाहिजे.

प्रथम, गिअर हवाच कशाला? बैल जागच्या जागी उभा असतानाही जोर लावू शकतो. किंबहुना रुतलेली गाडी काढताना त्याचा सर्वांत मोठा जोर याच वेळी लागतो. वाफेच्या इंजिनाचेही तसेच आहे. चाक फिरत नसले तरी वाफ दट्ट्यावर दाब देतच असते. म्हणून पी.जे.च्या वाफेच्या इंजिनाला गिअर नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे इंजिन मात्र या बाबतीत फार नाजूक. ते मिनिटाला काही शे फेरे घेत असेल तरच जिवंत राहते. उभे राहून जोर लावा म्हटले तर बंद पडते. म्हणजे इंजिन फिरते आणि चाक उभे, अशी स्थिती चालवून घेणारी एक सैल जोड हवी. तो झाला क्लच. आणि चढावर वेग देऊन जोर विकत घेण्याची सोय हवी. तो झाला गिअर.

ही सोय पॅरिसच्या लेव्हासोरने १८९० नंतरच्या वर्षांत केली ती सरकत्या दंतचक्रांची. फिरत्या दात्यांत फिरते दाते ढकलून बसवायचे! वेग जुळला नाही तर खरखराट होई आणि दाते तुटत. अमेरिकेतील अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने वेग आधी जुळवून घेणारी योजना केली आणि १९२८ मध्ये ती कॅडिलॅक गाडीत आली; तोपर्यंत, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत तर पुढे कितीतरी वर्षे, हे काम ड्रायव्हरच्या डाव्या पायाने आणि कानाने केले. क्लच दोनदा दाबून, मधे इंजिनाचा आवाज चढवून, नेमक्या क्षणी दांडा सारायचा. ज्यांनी अशी मालमोटार अजिंठ्याच्या घाटातून रात्री-बेरात्री नेली, त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकी विद्येहून हलकी नव्हती असे मी मानतो.

आता कथेचे दुसरे मूळ पाहू. ते रस्त्यावर नाही, समुद्रावर आहे. श्टेटिन या तेव्हाच्या जर्मन बंदरात 'व्हल्कन' नावाचा जहाजे बांधण्याचा कारखाना होता. तेथे हेर्मान फॉटिंगर हा तरुण अभियंता एका अडचणीत होता. वाफेचे टर्बाइन अतिशय वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. एवढ्या शक्तीची बिनचूक दंतचक्रे तेव्हा कापता येत नव्हती. टर्बाइनने वीज करावी आणि विजेने पंखा फिरवावा, तर यंत्रे फार जड होत. फॉटिंगरने विचार केला, वीज मधे घेण्याऐवजी द्रवच मधे घेतला तर? एक चाक पंपासारखे द्रव फेकील, दुसरे त्या द्रवाने फिरेल, आणि दोन्ही एकाच डब्यात समोरासमोर ठेवायची. १९०५ साली त्याने याचे पेटंट घेतले.

घरातले दोन विजेचे पंखे एकमेकांसमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. दुसरा हाताने धरला तरी पहिला बंद पडत नाही. वाऱ्याच्या जागी तेल घाला, की 'फ्लुइड कपलिंग' झाले. इंजिन फिरते आणि चाक उभे, ही जी अडचण, ती येथे आपोआप सुटते. फॉटिंगरची करामत याच्या एक पाऊल पुढे होती. दुसऱ्या चाकावर आपटून परतणारे तेल पहिल्या चाकाच्या विरुद्ध जाऊ पाहते. त्याने मधे स्थिर पात्यांचे तिसरे चक्र बसवून तेलाचा मोहरा वळवला. त्यामुळे बाहेर मिळणारा जोर इंजिनाने दिलेल्या जोरापेक्षा अधिक होऊ लागला. हाच टॉर्क कन्व्हर्टर. पुढे मोठी दंतचक्रे चांगली कापता येऊ लागली आणि जहाजांना फॉटिंगरची गरज उरली नाही. पण विद्या एका घरातून निघाली की दुसरे घर शोधते. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने फ्लुइड कपलिंग मोटारीत घातले, आणि त्याच दशकात जर्मनीच्या फॉइट कंपनीने तेलाचे हे यंत्र रेल्वेच्या डब्यांना जोडले.

तेलाने क्लचचे काम केले. गिअर बदलण्याचे काम अजून बाकीच होते. त्यासाठी उपयोगी पडली ती ग्रहमालेसारखी दंतचक्रे. मधे एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे, आणि सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. समजा सूर्याला ३० दाते आहेत, कड्याला ६० आणि प्रत्येक ग्रहाला १५. कडे धरून ठेवले आणि सूर्य फिरवला, तर ग्रहांना धरणारा साचा सूर्याच्या तीन फेऱ्यांत एक फेरा घेतो. वेग तिसरा हिस्सा, पण जोर तिप्पट. सूर्य धरून कडे फिरवले, तर दीड फेऱ्यांत एक. साचा धरला, तर कडे उलटे फिरते आणि गाडी मागे जाते. काहीच न धरता दोन चक्रे एकमेकांस बांधली, तर सगळेच एकजीव होऊन सरळ फिरते. या सर्व खटाटोपात एकही दाता दुसऱ्यापासून सुटत नाही. फक्त कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे एवढेच ठरवावे लागते. ड्रायव्हरचा हात येथे अनावश्यक ठरतो तो यामुळे. धरण्याचे काम एक पट्टा करू शकतो, आणि तो पट्टा तेलाच्या दाबाने आवळता येतो.

राहिला प्रश्न हुकमाचा. केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे, हे कोणी सांगावे? हा सर्वांत रसाळ भाग आहे. त्याच थॉम्पसनच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' तयार केले. १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाडीत ते आले आणि पुढच्या वर्षी कॅडिलॅकमध्ये. पुढे जाण्याचे चार गिअर होते आणि क्लचचा पायखुंट नव्हता. त्यात एका नळीसारख्या भोकात बोटाएवढी सरकती झडप असे. तिच्या एका टोकावर गाडीच्या वेगाने वाढणारा तेलाचा दाब. तो गव्हर्नरमधून येई, जसा वाफेच्या इंजिनावर गोळ्यांचा गव्हर्नर असतो तसा. दुसऱ्या टोकावर स्प्रिंग आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरने वाढणारा दाब. वेग म्हणतो, "वर चला." पाय म्हणतो, "थांबा, अजून जोर हवा." ज्याचे बळ जास्त त्याच्याकडे झडप सरकते, तेलाचा मार्ग उघडतो, एक पट्टा सुटतो, दुसरे चक्र बांधले जाते. म्हणूनच हलक्या पायाने चालवले तर गिअर लवकर बदलतो आणि पाय दाबला तर उशिरा. पाय एकदम खाली दाबला, तर झडप मागे येऊन खालचा गिअर लागतो. कोणी म्हणेल, सीमेवर झडप सारखी पुढेमागे नाचणार नाही का? तीही काळजी घेतलेली असे: वर गेल्यावर खाली येण्याचा वेग मुद्दाम बराच कमी ठेवलेला असे.

पण या न्यायाधीशाला डोळे नव्हते, फक्त स्पर्श होता. अजिंठ्याचा घाट उतरताना ड्रायव्हर पाय उचलतो. पायाचा दाब गेला, उताराने वेग वाढला, म्हणजे झडपेच्या हिशेबी निकाल स्पष्ट: वरचा गिअर! आणि पुढे वळण आहे. जुन्या ड्रायव्हरने तेथे दुसरा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरून धरली असती. यंत्र नेमके उलटे करी. यासाठी या गाड्यांत एक दांडा ठेवलेला असे. उतारावर तो माणसाने हाताने खालच्या खुणेवर आणायचा. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचे ब्रेक तापत.

दुसऱ्या महायुद्धात हायड्रामॅटिक अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेले. एका रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक. चैनीची वस्तू म्हणून ज्याला हसावे, ते नवशिक्या सैनिकाच्या हाती दिले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या यंत्रांविषयी जगात कमालीचा अभिमान बाळगणाऱ्या रोल्स-रॉइसने १९५२ मध्ये हायड्रामॅटिकचाच परवाना घेतला. पुढे तेलाच्या झडपांना हुकूम देण्याचे काम विजेने चालणाऱ्या गणकाकडे गेले. २००९ साली जर्मनीच्या झेड.एफ. कंपनीचा आठ गिअरांचा संच बीएमडब्ल्यूमध्ये आला. त्यातही चार ग्रहमालाच आहेत. आणि २०१३ च्या रोल्स-रॉइस 'रेथ' गाडीत गणकाला उपग्रहाकडून जागेचा ठाव आणि नकाशा मिळू लागला, म्हणजे पुढचे वळण त्याला आधी कळू लागले. घाटातल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांना जे फुकट दिसत होते ते यंत्राला दाखवायला माणसाला सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली!

आता आपल्या पी.जे.कडे वळू. ५६ किलोमीटरांचा हा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झाला. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करीत गाडी जामनेरला यायची. वाफेचे युग संपून डिझेल आले, आणि जी अडचण मोटारीला होती ती रेल्वेला आली: उभे राहून ओढता न येणारे इंजिन. मोठ्या रुळांवरच्या डिझेल इंजिनांनी ती विजेने सोडवली. डिझेलने जनित्र फिरवायचे आणि विजेच्या मोटारींनी चाके. पण अरुंद, हलक्या रुळांवर तेवढे वजन नको. श्टेटिनच्या फॉटिंगरने ज्या कारणासाठी वीज टाळली होती, त्याच कारणासाठी येथेही तेल उपयोगी पडले.

या कामी एका भारतीयाचे नाव आदराने घेतले पाहिजे. मनमोहन सुरी हे रेल्वेतील यंत्र-अभियंता. टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला उत्तम. पण वेग वाढला की तेल नुसते घुसळले जाते, तापते, आणि इंधन वाया जाते. सुरींनी अशी रचना केली, की कमी वेगाला कन्व्हर्टरने ओढावे आणि वेग वाढताच त्याला बाजूस सारून अधिक सरळ जोडीने शक्ती चाकांना द्यावी. आणि हा बदल गाडीचा जोर न तुटता व्हावा. 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने त्याला अनेक देशांत पेटंटे मिळाली. १९६१ मध्ये सुरींना पद्मश्री आणि १९६२ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. वयाची पस्तिशीही तेव्हा उलटली नव्हती. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते प्रमुख झाले आणि 'स्वराज' ट्रॅक्टर त्यांच्याच काळात तेथे आकाराला आला. सुरी पद्धतीची ही यंत्रे पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने बनवली, आणि चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेल्या झेड.डी.एम. वर्गाच्या सातशे अश्वशक्तीच्या इंजिनांनी तेलाच्या जोरावर देशातील अडीच फुटी मार्ग चालवले. झेड.डी.एम. इंजिनेच पी.जे.वर धावत होती.

म्हणजे कापसाचा हिशेब करीत, किंवा पाचोऱ्याला मुंबईची गाडी गाठण्याच्या घाईत, जो माणूस या डब्यात बसला, त्याच्या पुढे तेच चालले होते जे कॅडिलॅकमध्ये चालले होते: तेलाचा प्रवाह, वेगाची चाहूल, आणि योग्य क्षणी आपोआप होणारा बदल. पी.जे.च्या संथपणावर विनोद करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नव्हती. पण संथपणाचे कारण रूळ होते, हे यंत्र नव्हे.

मार्च २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत पी.जे. थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा सुरू झाली नाही. मोटारीच्या जगात २०१४ पासून साध्या, स्वस्त गाड्यांतही आपोआप गिअर बदलणारे यंत्र मिळू लागले. त्यात गिअर जुनेच, फक्त दांडा यंत्र सारते. आणि १ जून २०२२ रोजी एस.टी.ची 'शिवाई' ही विजेची बस पुण्याहून अहमदनगरला निघाली. विजेची मोटार उभी असतानाही पूर्ण जोर लावते, बैलासारखी आणि वाफेच्या इंजिनासारखी. भुसावळहून सुटणाऱ्या विजेच्या गाड्यांचेही तेच. त्यांच्यात बदलण्याचा गिअरच नाही.