कशाचे टक्के?

प्रस्तावना

टक्केवारीला आपल्याकडे मोठा मान आहे. सभेत कोणी ‘सत्तर टक्के लोकांचे असे मत आहे’ म्हटले, की समोरचा बहुधा गप्प बसतो. हे सत्तर टक्के कशाचे, कोणाला विचारून काढले आणि त्यावरून नेमके काय म्हणता येते, हे विचारायचे राहूनच जाते. हे प्रश्न विचारण्याचे शास्त्र अवघड नाही. त्याला शाळेतले गणित आणि थोडा धीर पुरतो. त्याची ओळख करून घ्यायला कोल्हापूरइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेला राखीव जागांचा हुकूम सर्वांना ठाऊक आहे. ‘पन्नास टक्के’ हा त्यातला आकडाही तोंडपाठ असतो. पण वाचकांनी हुकमाची शब्दरचना नीट पाहावी. पन्नास टक्के राखले गेले ते यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी, सगळ्या जागांपैकी नव्हेत. समजा, वीस जागांच्या कचेरीत वर्षभरात चार जागा रिकाम्या झाल्या. या कलमाने त्यांतल्या दोन राखीव ठरतात, म्हणजे एकूण जागांच्या दहा टक्के. हुकूम काढणाऱ्यांना हा फरक पुरता ठाऊक असावा. म्हणूनच, जिथे मागासवर्गीयांचे प्रमाण सध्या निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, असे दुसरे कलम त्यात आले. शिवाय खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तिमाही तक्ता पाठवावा, अशी तजवीजही झाली. आकडा जाहीर करून न थांबता तो तपासण्याची सोय करणारा हा दस्तऐवज या विषयाचा पहिला धडा म्हणून वाचावा.

दुसरा धडा त्याच काळातला आहे. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५. आता बदल किती झाला? जागांची संख्या मोजली तर ती सुमारे ४२ टक्क्यांनी घटली. हिस्सा पाहिला तर तो ८४.५ वरून ३६.८ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ ४८ टक्केबिंदूंनी उतरला. मूळ हिश्शाशी तुलना केली तर घट ५६ टक्क्यांची. ब्राह्मणेतरांच्या जागा मात्र ११ वरून ६० वर, साडेपाच पटींच्या जवळ गेल्या. चारही विधाने खरी आहेत. कोणते पुढे करायचे, हे बोलणाऱ्याच्या हेतूवर ठरते.

या आकड्यांवरून काय म्हणता येत नाही, तेही तुम्ही पाहून ठेवा. सत्तेची वाटणी बदलली हे निश्चित. पण ती एकट्या हुकमाने बदलली, असे हे दोन आकडे सांगत नाहीत. दरम्यान जागाच २४ ने वाढल्या होत्या आणि विद्यार्थी वसतिगृहेही उभी राहत होती. त्या ६० ब्राह्मणेतरांत कोणत्या जातीला किती जागा मिळाल्या, याचेही उत्तर इथे नाही. एकत्रित टक्केवारी आतले फरक झाकते.

वरचे आकडे सगळ्या जागांच्या मोजदादीचे होते. पाहणीत थोड्यांना विचारून सर्वांबद्दल बोलायचे असते, म्हणून तिथे निवड महत्त्वाची. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभे राहून ‘म्हशीचे दूध आवडते का?’ असे विचारले, तर उत्तर काय येईल हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. हजार जणांना विचारले तरी ते शहराचे मत होत नाही. उलट यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली चारशे माणसे शहराविषयी बरेच सांगतात, साधारण पाच टक्केबिंदूंच्या अलीकडे-पलीकडे. म्हणून अशा पाहणीत ५२ विरुद्ध ४८ आले, तर ‘बहुमत’ हा शब्द जपून वापरावा. हा पाच टक्केबिंदूंचा फरक निम्म्यावर आणायचा तर सोळाशे माणसांना विचारावे लागते.

अशा पाहण्यांचीही इथे परंपरा आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने एन. व्ही. सोवनी यांनी केलेली कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी १९४८ ते १९५२ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. लोकसंख्या, उद्योग-व्यापार आणि कौटुंबिक राहणी असे तिचे विषय. नमुना पाहणीच्या तंत्राला जागतिक कीर्ती मिळवून देणाऱ्यांपैकी पां. वा. सुखात्मे हे शेजारच्या सातारा जिल्ह्यातले.

नव्या वाचकांनी सुरुवात सूत्रांपासून करू नये. आधी तक्त्याचे शीर्षक आणि तळटीप वाचावी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८१.५ टक्के दिसते, पण त्या हिशेबात सात वर्षांखालची मुले धरलेलीच नाहीत, हे तळटिपेतच कळते. मग विचारावे: हे कशाचे टक्के, कोणाला विचारून काढलेले, आणि उत्तर न देणाऱ्यांचे काय केले? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या आकड्याला देता येतात, त्यावर तुम्ही खुशाल विश्वास ठेवा. पाहणी करणाऱ्याने घेतलेल्या कष्टांची कदर करण्याची तीच खरी रीत आहे.