व्यक्तिविशिष्ट औषधसंशोधनाचा खर्च व लाभ : इमॅटिनिबच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
रुग्णाच्या अथवा रोगाच्या जनुकीय घडणीनुसार औषध ठरविणाऱ्या चिकित्सापद्धतीस व्यक्तिविशिष्ट वैद्यक असे म्हणता येईल. अशा संशोधनास सार्वजनिक निधी देण्याचा प्रश्न निघताच, मोजक्या रुग्णांसाठी एवढा खर्च का, असा आक्षेप घेतला जातो. प्रस्तुत लेखात इमॅटिनिब या औषधाच्या इतिहासाच्या आधारे या आक्षेपाचा विचार केला आहे.

संशोधनाची वाटचाल :
१९६० साली फिलाडेल्फिया येथील पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे ते तयार होते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. पुढील दशकात या अदलाबदलीतून निर्माण होणारे सदोष प्रथिन ओळखले गेले. त्यास रोखणारे संयुग स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीत तयार झाले. १९९६ साली ही कंपनी सँडोझमध्ये विलीन होऊन नोव्हार्टिस अस्तित्वात आली. ब्रायन ड्रकर यांच्या पुढाकाराने १९९८ साली रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. गुणसूत्राच्या शोधापासून औषधापर्यंत ४१ वर्षे लागली.

लाभाचा चुकलेला अंदाज :
या रोगाचे प्रमाण दर लाख लोकसंख्येत वर्षाला एक ते दोन नवे रुग्ण इतके अल्प आहे. त्यामुळे औषधाची बाजारपेठ लहान राहील, अशी शंका कंपनीत होती. परंतु रुग्ण जगू लागले व औषध वर्षानुवर्षे घेऊ लागले. परिणामी उपचाराखालील रुग्णांची संख्या वाढत गेली. २०१२ साली या औषधाची जागतिक विक्री सुमारे ४.७ अब्ज डॉलर होती. केवळ नव्या रुग्णांच्या संख्येवरून केलेले गणित औषधाच्या यशानेच चुकीचे ठरविले.

खर्चाची दुसरी बाजू :
तथापि लाभ सिद्ध झाला म्हणून तो सर्वांपर्यंत पोहोचला असे होत नाही. भारतात कंपनीच्या औषधाचा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर देशी कंपन्यांच्या पर्यायी औषधाचा ८ ते १० हजार रुपये. कंपनी आपल्या साहाय्य योजनेतून अनेक रुग्णांना औषध विनामूल्य देत असे. परंतु तो हक्क नव्हता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंट अर्जास विरोध केला. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे, कंपनीचे अपील नामंजूर केले. त्याच वर्षी अमेरिका व अन्य देशांतील शंभराहून अधिक तज्ज्ञांनी या रोगावरील औषधांच्या चढ्या किमतींविरुद्ध एकत्रितपणे मत नोंदविले.

मर्यादा :
हे उदाहरण सरसकट लागू करणे योग्य ठरणार नाही. या रोगामागे प्रामुख्याने एकच जनुकीय बिघाड असतो. बहुतेक कर्करोगांत असे अनेक बिघाड एकत्र आढळतात. तेथे एवढ्या यशाची अपेक्षा धरून निधीची मागणी करणे म्हणजे लाभ फुगवून सांगणे होय.

निष्कर्ष :
रुग्णसंख्या अल्प आहे, एवढ्याच कारणाने निधी नाकारणे या इतिहासास धरून नाही. मात्र मूलभूत संशोधनाचा दीर्घकालीन खर्च बव्हंशी समाज व विद्यापीठे उचलतात आणि औषधाची किंमत अखेरच्या टप्प्यावर दुसराच घटक ठरवितो. किमतीचा वाद न्यायालयात पोहोचेपर्यंत अनेक रुग्णांची वेळ निघून गेलेली असते. म्हणून औषधाच्या किमतीची व उपलब्धतेची अट निधी मंजूर करतानाच घातली जाणे आवश्यक आहे.