बक्षिसी, पोस्त आणि पगार

नागपूरच्या कामगारांचा इतिहास लिहायला बसले की लेखणी प्रथम एम्प्रेस मिलकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, तर १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई देण्याची योजना. त्या काळच्या हिंदुस्थानात ही गोष्ट विरळाच होती. परंतु आमच्या मनात येणारा प्रश्न वेगळा आहे. या कामगारांना चहा देणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या माणसांचे काय? त्यांची नोंद कोणत्या दफ्तरात सापडते?

नागपुरात या प्रश्नाला एक खास स्थानिक बाजू आहे. सावजी खानावळींची परंपरा हलबा-कोष्टी या विणकर समाजाची. हातमागाला उतरती कळा लागली तेव्हा घरचे तिखट कालवणच अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन झाले. मसाला भाजणे-वाटणे, रस्सा करणे, वाढणे, भांडी घासणे ही सारी कामे घरातल्याच माणसांनी, विशेषतः बायकांनी केली. येथे पगार नव्हता, कारण नोकर नव्हता. आणि नोकर नव्हता म्हणून श्रमाची मोजदादही नव्हती. सावजीच्या चवीवर आज भरपूर लिहिले जाते, पण त्या पाट्यावरवंट्यामागच्या हातांवर फारच थोडे.

हॉटेलांत मात्र कामाची उतरंड स्पष्ट होती. भट्टीशी आचारी, पंगतीत किंवा टेबलाशी वाढपी, गल्ल्यावर मालक आणि सर्वांच्या खाली पोऱ्या. फडका मारणे, कपबश्या विसळणे, पाणी भरणे, आसपासच्या दुकानांत चहा पोचवणे ही त्याची कामे. दोन वेळचे जेवण आणि रात्री बाकावर झोपण्याची मुभा हा त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग असे. 'पोऱ्या' या शब्दातच त्याचे वय नोंदलेले आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. नारायण सुर्वे यांनी लहानपणी मुंबईत हे काम केले होते. पोऱ्याचा पुढे कवी झाला म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. बाकीचे पोऱ्ये अनामच राहिले. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व चहाच्या टपऱ्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. गिरणीतील पेन्शन फंडानंतर एकशे वीस वर्षांनी!

पगार अपुरा असला की त्याची भर कोठून तरी काढावी लागते. त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. 'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्द. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते तेही बक्षीसच, आणि बडीशेपेच्या बशीत राहिलेली नाणी तीही बक्षिसीच. पहिल्यात गुणाचा गौरव आहे, दुसऱ्यात देणाऱ्याची मर्जी. 'पोस्त' ही दिवाळीची. तिला निदान सणाचा आधार आहे, त्यामुळे ती मागताना घेणाऱ्याची मान खाली जात नाही. इंग्रजीतून आलेल्या 'टीप'ला तोही आधार नाही. शिवाय टीप वाढप्याच्या हाती पडते. आचाऱ्याच्या आणि भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला ती येईलच असे नाही. जो दिसतो त्याला मिळते, हाच या प्रथेचा अलिखित नियम.

कायदा या क्षेत्रात उशिरा आणि हळूहळू शिरला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दुकाने व आस्थापनांविषयीचा कायदा १९४७ चा. त्यानंतरच्या वर्षी किमान वेतन कायदा झाला. पण त्याच्या मूळ अनुसूचीत भातगिरण्या, विडी, तेलघाण्या, दगडफोड असे उद्योग होते, हॉटेले नव्हती. ती राज्य सरकारांनी नंतर जोडली. म्हणजे वाढणे हे काम आहे, त्याचा दर ठरू शकतो, हे मान्य व्हायलाच वेळ लागला. आम्हांला वाटते, याचे एक कारण आपल्या संस्कारात आहे. अन्नदान हे पुण्य, वाढणे हा घरचा धर्म. मग त्याचे पैसे कसले मोजायचे?

हा वाद आजही मिटलेला नाही. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवले. ग्राहकाचा हक्क त्यातून सुरक्षित झाला, हे चांगलेच. परंतु ऐच्छिक बक्षिसीवर ज्याचा महिना अवलंबून आहे, त्याचा हक्क ग्राहकाच्या खिशात नव्हे, मालकाच्या पगारपत्रकात शोधावा लागेल. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात एक भर घालावी: आपल्या कथा-कादंबऱ्यांतली हॉटेले पुन्हा वाचावीत, आणि टेबलावरच्या चर्चेबरोबर चहा आणून ठेवणाऱ्याला तेथे नाव आहे का, तेही पाहावे.