'रिस्ट्रेंट' : कैदेचे सौम्य नाव

कैदेसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. 'इम्प्रिझनमेंट' म्हणजे कारावास. 'इंटर्नमेंट'मध्ये वावराची हद्द आखलेली. सावरकरांना १९२४ साली रत्नागिरी जिल्ह्याची हद्द घातली गेली, ती या दुसऱ्या जातीची; आपण तिला स्थानबद्धता म्हणतो.

सर्वांत धूर्त शब्द मात्र 'रिस्ट्रेंट'. खटला भरण्याइतका आधार ज्याच्याविरुद्ध नाही, अशालाही १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनने 'पर्सनल रिस्ट्रेंट'खाली ठेवता येई. जणू हट्टी मुलाला आवर घालावा! १९०७ साली लाला लजपतरायांना मंडालेस नेले, ते याच रेग्युलेशनच्या आधारे.

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची कथा अधिक बोलकी आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपावरून १८७५ साली सहा जणांचे चौकशीमंडळ बसले. तिघा इंग्रजांनी दोषी ठरविले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी तसे ठरविले नाही. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले व मद्रासेस धाडले. १८८२ साली ते तेथेच वारले. शिक्षा कोणीच सुनावली नव्हती. म्हणून त्या सात वर्षांना कारावास म्हणता येत नाही, आणि मोकळीक तर मुळीच नाही.