कार्लाइलच्या शाळेचा एक हंगाम

फुटबॉल म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांतील चिखलाचें मैदान आणि पायानें टोलवला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंतील कॉलेजांत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो याहून अगदीं निराळा आहे. त्यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा असतो, आणि पळणाऱ्यास प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन जमिनीवर लोळवावयाचें असतें. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें नाहीं, तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा लागतो. चार प्रयत्नांचा हा नियम १९१२ सालीं अमलांत आला, आणि त्याच सालच्या एका हंगामाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. केवळ खेळाचें कौतुक करावें हा आमचा हेतु नाहीं. एखाद्या शिक्षणसंस्थेची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न त्या हकीकतींत दडलेला आहे. आणि तो आम्हां शिक्षकांना अद्यापि नीटसा सुटलेला नाहीं.

पेनसिल्व्हानिया राज्यांतील कार्लाइल या गांवीं लष्करानें सोडून दिलेल्या बराकी होत्या. १८७९ सालीं कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्यानें तेथें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं एक औद्योगिक शाळा काढली. कोलंबसाच्या भूगोलाच्या चुकीमुळें या लोकांस 'इंडियन' हें नांव पडलें होतें, तेंच शाळेच्या पाटीवरहि आलें. दूरदूरच्या मुलुखांतून, शंभराहून अधिक जमातींतून, मुलांमुलींना आगगाडीनें येथें आणीत. आल्याबरोबर मुलांचे लांब केस कापीत, अंगावर गणवेष चढवीत, इंग्रजी नांवें देत आणि मातृभाषा बोलण्यास बंदी करीत. प्रॅट हा दुष्ट मनुष्य होता असें आम्हांस वाटत नाहीं. या लोकांचा नायनाट व्हावा असें उघड बोललें जाण्याच्या त्या काळांत, त्यांचीं मुलें गोऱ्या मुलांच्या तोडीनें शिकूं शकतील असें तो आग्रहानें सांगे. परंतु त्याची अट भयंकर होती. माणूस वाचवावयाचा असेल तर त्याच्या ठायींचा इंडियन मारला पाहिजे, असें त्यानें १८९२ सालच्या एका भाषणांत सांगितलें. म्हणजे मुलानें शिकून मोठें व्हावें, मात्र आपल्या आईबापांचें मूल म्हणून उरूं नये!

अशा शाळेंत फुटबॉल शिरला. एका सामन्यांत एका मुलाचा पाय मोडला, तेव्हां प्रॅटनें बाहेरच्या संघांशीं खेळणें बंद केलें. पुढें मुलेंच त्याच्याकडे गेलीं आणि परवानगीसाठीं त्यांनीं रदबदली केली. त्यानें दोन अटी घातल्या. प्रतिपक्षानें कितीहि कुरापत काढली तरी ठोसा लगावावयाचा नाहीं. आणि कांहीं वर्षांच्या आंत देशांतील उत्तमोत्तम संघांस हरवून दाखवावयाचें. १८९९ सालीं ग्लेन वॉर्नर हा खेळाचा शिक्षक म्हणून आला. कार्लाइलचे खेळाडू मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंहून अंगानें हलके असत. म्हणून त्यांनीं वजनाची उणीव वेगानें आणि हुशारीनें भरून काढली. १९०३ सालीं हार्वर्डविरुद्ध त्यांनीं चेंडू एका गड्याच्या अंगरख्यांत लपवून पार पलीकडे नेला, तरी सामना एका गुणानें गमावला. पण १९११ च्या नोव्हेंबरांत त्याच हार्वर्डला त्यांनीं १८ विरुद्ध १५ असें निर्विवाद हरविलें. ज्या संस्थेला कॉलेज म्हणणेंहि कठीण, तिनें देशांतील सर्वांत जुन्या विद्यापीठावर मात केली होती.

१९१२ चा हंगाम याच्याहि पुढें गेला. संघाचा नायक होता सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. त्या उन्हाळ्यांत स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदकें मिळवून तो परतला होता. चिप्पेवा लोकांपैकीं गस वेल्श आणि जो गायन हे त्याचे भिडू होते. चौदा सामन्यांपैकीं बारा त्यांनीं जिंकले, एक बरोबरींत सुटला आणि एक हरला. सर्व मिळून त्यांनीं ५०४ गुण केले. आदल्या वर्षीं ज्या सिराक्यूजनें त्यांना एका गुणानें हरविलें होतें, त्याच्याविरुद्ध ३३ गुण करून त्यांनीं त्याला एकहि मिळूं दिला नाहीं.

पण हंगामाचा मुकुटमणि म्हणावयाचा तो ९ नोव्हेंबरचा सामना. तो वेस्ट पॉइंट येथें, म्हणजे अमेरिकन लष्कराचे अधिकारी जेथें तयार होतात त्या ठिकाणीं झाला. वुंडेड नी येथें याच लष्करानें लाकोटा लोकांच्या बायकामुलांसह शेंकडों माणसांची कत्तल केली, त्याला तेव्हां बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. लष्कराच्या बाजूनें खेळणाऱ्यांत पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर हा एक होता. प्रतिस्पर्ध्यावर हात टाकल्याबद्दल लष्कराच्याच नायकास पंचांनीं मैदानाबाहेर काढलें. ठोसा न मारण्याची अट ज्यांना घातली होती ते खेळतच राहिले. शेवटीं कार्लाइलचे २७ गुण झाले व लष्कराचे ६.

या विजयाला सूड म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तो शब्द पटत नाहीं. त्या मुलांना त्या दिवशीं जें लाभलें तें सूडाहून साधें आणि दुर्मिळ होतें. मैदानावर अंतर मोजण्याची सांखळी दोन्ही पक्षांना सारखीच होती. दहा यार्ड म्हणजे दहा यार्ड. मैदानाबाहेर त्यांच्या लोकांची जमीन असल्या सांखळीनें कधींच मोजली गेली नव्हती. ब्लॅक हिल्सचा प्रदेश १८६८ च्या तहानें लाकोटांना कायमचा म्हणून दिला, आणि सोनें सांपडल्यावर १८७७ च्या कायद्यानें काढून घेतला. खेळाचे नियम मध्येंच न बदलणारा पंच त्यांना बहुधा मैदानावरच भेटला.

परंतु ही समता मैदानाच्या रेघेपाशींच संपे. १९१३ च्या जानेवारींत थॉर्पवर आरोप आला कीं, पूर्वीं दोन उन्हाळ्यांत तो थोड्याशा पैशासाठीं बेसबॉल खेळला होता. इतर कॉलेजांतील कित्येक मुलें खोटीं नांवें घेऊन तेंच करीत. यानें स्वतःचें नांव लपविलें नव्हतें, एवढाच फरक. त्याचीं पदकें परत घेण्यांत आलीं. १९१४ सालीं खुद्द विद्यार्थ्यांनीं शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला, आणि त्यांत वेल्श पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होता. काँग्रेसच्या समितीनें चौकशी केली, तेव्हां जेवणाची आबाळ, कठोर शिक्षा आणि खेळाच्या निधीचा संशयास्पद व्यवहार या गोष्टी उजेडांत आल्या. मुख्याधिकाऱ्यास जावें लागलें. लवकरच वॉर्नरहि गेला. १९१८ सालीं शाळाच बंद झाली आणि बराकी पुन्हां लष्कराकडे गेल्या. मागें उरली ती एक स्मशानभूमि. तेथें दीडशेंहून अधिक मुलांना मूठमाती दिलेली होती. घरापासून शेंकडों कोस दूर, क्षयासारख्या रोगांनीं तीं गेलीं होतीं. २०१७ पासून त्यांपैकीं कांहींचे अवशेष त्यांच्या आप्तांच्या स्वाधीन करण्यांत आले आहेत.

न्याय आला, पण फार उशिरां. थॉर्प १९५३ सालीं वारला. त्याचीं पदकें परत देण्याचा निर्णय १९८२ सालीं झाला, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव २०२२ सालीं पुन्हां नोंदलें गेलें. २०२४ च्या डिसेंबरांत कार्लाइलची ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करण्यांत आली.

१९१२ सालीं कार्लाइलच्या चालकांना कोणीं विचारलें असतें कीं तुमची शाळा कशी चालली आहे, तर त्यांनीं वर्तमानपत्रांतील गुणसंख्या पुढें केली असती, आणि ती खरीहि होती. तिच्यांत खोटें कांहींच नव्हतें; तिच्यांत नसलेलें तेवढें त्या कबरींत होतें. आमच्या कॉलेजांतहि ढालींचें आणि करंडकांचें एक कांचेचें कपाट असतें, पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना प्रथम तेथेंच नेतों. तें नेणें वाईट नव्हे, कारण मुलांनीं तीं बक्षिसें घाम गाळून मिळविलेलीं असतात. पण त्या कपाटावरून संस्थेची परीक्षा करूं नये, असें इतकीं वर्षें शिकविल्यावर आम्हांस वाटूं लागलें आहे. घरून निघतांना मूल जें बरोबर घेऊन आलें होतें त्यांतलें आम्ही त्याच्यापाशीं काय राहूं दिलें, हेंहि पाहुण्यानें विचारावें. आणि पाहुण्यानें न विचारलें, तर आम्हीं स्वतःला विचारावें.